जोडीदाराची जागा

मी कवळ्या बनवते. दातांच्या लॅबमध्ये. खोटे दात बनवणं हा माझा धंदा आहे, खोट्या गोष्टी रचणं नाही.

जे सांगते आहे ते माझ्याच बाबतीत घडलं. रविवारी दुपारी, लख्ख उजेडात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, पुढच्या खोलीत.

इमारत नवी आहे. त्या घरात आमच्याआधी कुणीही राहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.

दुसरा प्रश्न असतो, वाद्य जुनं होतं का?

नाही. दुकानातून नवंकोरं आणलं होतं. खोक्यासकट.

सुरुवात माझ्या हातापासून झाली.

लॅबचं शटर सटकलं आणि माझ्या डाव्या हातावर आलं. तीन बोटं मोडली. प्लास्टर काढलं तेव्हा ती वाळलेल्या शेंगांसारखी ताठ झाली होती. आमचं काम दोन हातांचं असतं. डाव्या हाताने साचा धरायचा, बोटांनी हळूहळू फिरवायचा आणि उजव्याने मेण कोरायचं. मला साचाच धरता येईना. धरला की सटकायचा.

मालक माणूस चांगला, पण शेवटी तोही बोललाच.

"ताई, तुमची जागा मी किती दिवस रिकामी ठेवू?"

मला रडू आलं. दुसरं कुठलंच काम मला येत नाही. नवरा बस चालवतो, घरात सासूबाई आहेत, आणि एका पगारात आमचं भागत नाही.

फिजिओवाली म्हणाली, "बोटांना रोज काम द्या. चेंडू दाबून कंटाळा येत असेल तर एखादं तारांचं वाद्य शिका."

नवरा हसला. "म्हणजे आजवर लोकांचे दात, आता कान!"

पण मेंडोलिन त्यानेच आणून दिलं.

शिकवणीला जाण्याइतका वेळ नव्हता. शोधता शोधता एक ऑनलाइन ग्रुप सापडला. लोकसंगीताच्या जुन्या चाली वाजवणारी माणसं. कुठली कुठली, एकमेकांना कधी न भेटलेली. दर रविवारी चार वाजता लॅपटॉपवर जमायची. खऱ्या नावाने तिथे कुणी कुणाला ओळखत नसे. पुढाकार घेणारे निवृत्त शिक्षक म्हणजे मास्तर. दवाखान्यात नर्स असलेली बासरीवाली. डफ वाजवणारा बेकरीवाला, ज्याच्या डफावर नेहमी पीठ असायचं. माझी ओळख करून दिल्यावर दोन मिनिटांत मी कवळीताई झाले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

नेटवर सगळ्यांना एकदम वाजवता येत नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो आणि नुसता गोंधळ होतो. म्हणून मास्तर एकटे वाजवायचे. बाकीच्यांनी आपापला माइक बंद करून, आपापल्या घरी, त्यांच्याबरोबर वाजवायचं. आपल्याला फक्त मास्तर ऐकू येतात. आपलं कुणालाच ऐकू जात नाही. नेट वाचावं म्हणून कॅमेरासुद्धा फक्त मास्तरांचा चालू.

माझ्यासारख्या नवख्या बाईला हे फारच सोयीचं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

त्या रविवारी मास्तरांनी नवी चाल काढली. म्हणजे फार जुनी. एक ओळ वाजवली आणि ते थांबले. तेवढाच वेळ गप्प. मग दुसरी ओळ. पुन्हा गप्प.

"ही चाल दोघांची आहे," ते म्हणाले. "एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. विचारणारा मी. उत्तरं माझ्या जोडीदाराकडे होती. तो गेला, त्याच्याबरोबर उत्तरंही गेली. पण जागा ठेवायची. जोडीदाराच्या जागेत कुणी वाजवायचं नाही. हात उचलून गप्प बसायचं."

आम्ही वाजवायला लागलो. मी मास्तरांच्या बोटांकडे डोळे लावून बसले होते. एक ओळ, मग शांतता. एक ओळ, मग शांतता.

चाल संपली.

नेहमी संपल्यावर सगळे माइक उघडून बोलायला लागतात. त्या दिवशी कुणीच बोललं नाही...

मग बेकरीवाल्याचा आवाज आला.

"कवळीताई, तुमचा माइक चालू राहिलाय."

मी जीभ चावली. सुरुवातीला मास्तरांशी बोलताना मी माइक उघडला होता, तो बंद करायचं मीच विसरले होते. माझं सगळं बेसूर वाजवणं जगाने ऐकलं!

"माफ करा हं," मी म्हटलं. "कानाला त्रास झाला असेल."

"तुमचं राहू द्या," बासरीवाली म्हणाली. "तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

"कुणी नाही."

"मग उत्तरं कोण देत होतं?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी मास्तरांकडे पाहिलं. ते कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले होते.

"परत वाजवा," ते म्हणाले. "तुम्ही नाही. तुमच्या शेजारी जो बसलाय... त्याला सांगा."

मी लॅपटॉप मिटला.

बासरीवाली दर रविवारचं वाजवणं रेकॉर्ड करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिने ते रेकॉर्डिंग पाठवलं. मी आणि नवऱ्याने स्वयंपाकघरात बसून ऐकलं. मास्तरांची ओळ. त्यांच्यामागे माझी, अडखळत. नवरा गालात हसत होता.

मग ती शांतता यायला हवी होती...

शांतता नव्हती.

तिथे मेंडोलिन वाजत होतं. माझं नाही. मला सात जन्मांत तसं वाजवता येणार नाही. सफाईदार, सावकाश, आणि माझ्यापेक्षा माइकच्या जास्त जवळ. प्रत्येक उत्तराच्या आधी पाय आपटल्याचा आवाज. ठक, ठक. आणि नंतर नाकातून सोडलेला एक श्वास.

त्या खोलीत मी बसले होते. मला यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं.

नवऱ्याचं हसू कधीच विरलं होतं. तो उठला आणि पुढच्या खोलीत जाऊन दिवाणाखाली, पडद्यामागे, सगळीकडे बघून आला.

"नेटचा घोळ असेल," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा तरी आवाज मिसळला असेल."

मी मान हलवली. मलाही तेच हवं होतं.

पुढच्या रविवारी मी माइक बंद आहे ना, हे पुन्हा पुन्हा तपासलं. मास्तरांनी मुद्दाम तीच चाल घेतली. पहिली ओळ झाली. मी तारा सोडल्या आणि श्वास रोखून बसले. खोलीत चिटपाखरू नव्हतं. पंखासुद्धा बंद.

आणि लॅपटॉपवर एक चौकोन उघडला...

"तुमचा माइक बंद आहे. तुम्हाला बोलायचं आहे का?"

आपण माइक बंद ठेवून बोललो की तो चौकोन येतो, हे तुम्हाला माहीत असेल. माइकजवळ चांगला आवाज झाल्याशिवाय येत नाही. माझ्या वाजवण्याने तो कधीच आला नव्हता.

मी वाजवायला लागले की चौकोन जायचा. मी थांबले की यायचा. दर ओळीला.

तेवढ्यात आतून सासूबाईंनी हाक मारली. त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. दुपारच्या त्या आतल्या खोलीत आडव्या असतात.

"अगं, कोण आलंय?"

मी दारात गेले. हाताने खूण करून सांगितलं, कुणी नाही.

"असं कसं? पाय आपटतोय की मघापासून. मला ऐकू येत नाही म्हणून काय झालं? फरशी हलते ती पलंगातून कळते ना."

मी जागेवरच उभी होते, चपलासुद्धा नव्हत्या पायात.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता पण."

त्या दिवशी मी मेंडोलिन खोक्यात घातलं आणि माळ्यावर टाकलं. ग्रुपमधून बाहेर पडले. मास्तरांचे फोन आले, मी उचलले नाहीत. पुढच्या खोलीत एकटीने बसणं बंद केलं. भाजीसुद्धा सासूबाईंच्या पलंगावर बसून निवडायचे. त्या म्हणायच्या, "आजकाल सासूवर फार प्रेम उतू चाललंय!"

पण एक वेगळंच संकट उभं राहिलं.

बोटं पुन्हा आखडायला लागली. आधीपेक्षा वाईट. ग्रुपमध्ये असताना ती सुटत चालली होती, फिजिओवाली खूश होती. आता पेला धरता येईना. चेंडू, गरम पाणी, मलम, सगळं करून झालं. मालकाने माझ्या टेबलावर एका नव्या मुलीला बसवून बघितलं. कामाला बरी होती.

"महिनाअखेरपर्यंत बघू," मालक म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

त्या संध्याकाळी मीच मास्तरांना फोन केला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटं नाही.

"एकदाच या," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माइक उघडा ठेवा. कॅमेरा पण. एकदा ती सगळी उत्तरं उतरवून घेतो, मग तुम्हाला कधी त्रास देणार नाही. तुमचा हातही सुटेल."

हात सुटेल, हे त्यांना कसं ठाऊक, असं मी विचारायला हवं होतं. माझ्या हाताबद्दल मी ग्रुपमध्ये कधीच बोलले नव्हते.

रविवारी नवऱ्याची ड्युटी होती. मी सासूबाईंना पुढच्या खोलीतच दिवाणावर बसवलं. पडदे सरकवून सगळा उजेड आत घेतला. लॅपटॉप उघडला. आज सगळ्यांचे कॅमेरे चालू होते. माझ्याही घराचा चौकोन एका कोपऱ्यात दिसत होता. मी, माझ्यामागची भिंत, दिवाणाची कड. बस.

मास्तरांनी पहिली ओळ वाजवली. मी त्यांच्याबरोबर वाजवली.

मी हात उचलले.

शांतता...

मला शांतता. बाकीच्यांना नव्हे. बेकरीवाला मागे सरकला. मास्तरांनी डोळे मिटले होते आणि ते मान डोलवत होते. दिवाणावरून सासूबाई पुटपुटल्या, "आला बघ."

दुसरी ओळ. शांतता. तिसरी ओळ. शांतता.

मग बासरीवालीने तोंडावर हात ठेवला. ती माझ्यामागे कुठे बघत नव्हती, सरळ माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. तिचा माइक बंद होता. ती पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत होती.

हात... हात...

मी स्क्रीनवर स्वतःला बघितलं.

माझा उजवा हात वर उचललेला होता. डावाही मी उचलला होता. मला तसं वाटत होतं. हवेत, गुडघ्याच्या वर, मोकळा.

स्क्रीनवर तो मेंडोलिनवर होता.

बोटं तारांवर धावत होती. जी तीन बोटं पेला धरत नव्हती, ती वाकत होती, दाबत होती, घसरत होती. सफाईने. सावकाश. तारा छेडायची नखी उजव्या हातात, तारांपासून लांब. तारा कुणीच छेडत नव्हतं.

मी मान खाली घातली आणि बघितलं.

ते खरं होतं. माझाच हात. मला त्याचं काहीच कळत नव्हतं. ना तारांचा थंडपणा, ना दाब. बोटं काढून घ्यायचा जीव तोडून प्रयत्न केला. ती थांबली नाहीत. ती आपली ओळ पूर्ण करूनच थांबली.

मग माझ्या कानाजवळ कुणीतरी नाकातून श्वास सोडला.

तेवढा एक आवाज मला ऐकू आला.

मी किंचाळले. मेंडोलिन फेकलं. सासूबाईंनी मला मिठीत धरून ठेवलं, नवरा येईपर्यंत सोडलं नाही.

मास्तरांचा शेवटचा फोन नवऱ्याने घेतला. स्पीकरवर. नवरा त्यांना नाही नाही ते बोलला. ते सगळं ऐकून घेत राहिले. मग मीच विचारलं.

"तुमचा जोडीदार कशाने गेला?"

"तो गेला तो म्हातारपणाने," मास्तर म्हणाले. "पण वाजवणं त्याच्या फार आधी गेलं होतं. डावा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. मनगटापासून. पुढे कितीतरी वर्षं तो नुसता माझ्यासमोर येऊन बसायचा. मी विचारायचो, तो पाय आपटायचा, आणि आम्ही दोघं गप्प बसायचो."

नवऱ्याने फोन कापला.

माझ्याच घरी का? इतक्या माणसांत मीच का? मास्तरांना माहीत होतं का, कोण जाणे. मला माहीत नाही. ग्रुप आता बंद झाला असं ऐकलं. मेंडोलिन नवऱ्याने लांब कुठेतरी देऊन टाकलं. कुणाला, ते मी विचारलं नाही.

माझी नोकरी वाचली. हात पूर्ण सुटला. फिजिओवाली इतरांना माझं उदाहरण देते. मालक म्हणतो, "ताई, हात पहिल्यापेक्षा चांगला झाला की!" आणि ते खरंच आहे. माझ्या कवळ्या इतक्या नेटक्या आधी कधी होत नव्हत्या.

फक्त त्या हाताला काही कळत नाही. परवा उकळत्या मेणात बोट गेलं, ते मला फोड आल्यावर समजलं. डॉक्टर सुया टोचून बघतात आणि पुन्हा नव्या तपासण्या लिहून देतात.

तारा वाजवणाऱ्यांच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. वाजवणं सोडलं की ते काही आठवड्यांत निघून जातात, कातडी मऊ होते. मेंडोलिनला हात लावून मला दीड वर्ष झालं. आमच्या घरात तारांचं एकही वाद्य नाही.

माझे घट्टे गेलेले नाहीत. वाढले आहेत.

रविवारी दुपारी मी पुढच्या खोलीत पाऊल टाकत नाही. सासूबाईंच्या पलंगावर, त्यांच्या कुशीत पडून राहते. कधीकधी डोळा लागतो. त्यांनी मला काही सांगायचं नाही, असं ठरलं आहे. त्या सांगतही नाहीत. नुसता माझा डावा हात त्यांच्या दोन्ही हातांत गच्च धरून ठेवतात.

नवरा म्हणतो, दुसऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ, यातून सुटका करून घेऊ. मी हो म्हणते आणि जात नाही. हा हात गेला तर आम्ही खायचं काय?

आज सोमवार आहे. सकाळी डबा भरताना उजेडात बोटं बघितली. चारही टोकांवर तारांच्या रेघा उमटलेल्या होत्या. लाल, ताज्या.

मी हात पदराला पुसला आणि कामावर गेले.