द्वारपाल

"हे शहाणपण कुणाच्या डोक्यातून निघालं?" मृणाल चिंचणीकर कडाडली. चंद्रतळाच्या संगणकाचं कर्नेल, म्हणजे सगळा कारभार हाकणारा गाभा, तिनं लिहिलं होतं.

संचालक रेगे शांतपणे म्हणाले, "आतापर्यंत प्रत्येक यंत्राची हाक थेट कर्नेलला जायची. आता मध्ये फर्मवेअरचा, म्हणजे यंत्रातच कायमच्या बसवलेल्या आज्ञावलीचा, द्वारपाल बसेल. कुठली हाक आत सोडायची ते तो ठरवेल. तुम्ही फक्त कर्नेलमध्ये त्याची जोडणी लिहा."

"आणि एखादं यंत्र सारखं हाका मारत सुटलं तर?"

"बिघडलंय असं समजून द्वारपाल त्या यंत्राची तार बंद करतो. तार शांत झाली की पुन्हा उघडतो."

"म्हणजे जो जास्त ओरडेल त्याचंच ऐकायचं नाही! वा रे वा! आणि बटणावर माणूस असेल तर?"

"माणूस बटण एकदाच दाबतो, चिंचणीकरबाई."

मरतानासुद्धा? मृणालच्या मनात आलं. पण पृथ्वीवरून हुकूम आला होता. तिनं दातओठ खात जोडणी लिहिली.

पुढच्याच आठवड्यात नायट्रोजनच्या कोठीत नळी फुटली आणि आतला प्राणवायू झपाट्यानं कमी होऊ लागला. आत दिलावर मुजावर हा वेल्डर एकटाच होता. दार उघडायचं बटण आत एक, बाहेर एक; दोन्ही एकाच तारेवर. मृणाल आणि रेगे धावत पोचले तेव्हा काचेपलीकडे दिलावर दोन्ही हातांनी बटण बडवत होता. दारावरच्या पडद्यावर अक्षरं होती: 'तार बंद.'

"बघा!" ती रेग्यांवर ओरडली. "बघा तुमचा द्वारपाल! मेला बहिरा!" आणि तिनं बाहेरचं बटण दाबलं. दाबलं, दाबलं, मुठीनं बडवलं. "उघड! उघड म्हणते ना!"

आत दिलावर भिंतीवरून घसरत खाली कोसळला.

"बाई, तो तर पडला," रेगे म्हणाले. "बटण सुटलंय त्याचं. मग तार अजून बंद कशी?"

मृणालनं स्वतःच्या मुठीकडे पाहिलं.

तिनं हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. आत माणूस मरत होता आणि तिला नुसतं उभं राहायचं होतं. रेगे "दाबा ना!" म्हणाले, तर ती त्यांच्यावर खेकसली, "गप्प बसा!" अखेर पडद्यावरची अक्षरं गेली. तिनं बटण एकदाच दाबलं. दार उघडलं. दोघांनी श्वास रोखून दिलावरला बाहेर ओढलं.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

"बाई, माफ करा," तो पुटपुटला. "घाबरून फार बडवलं. बटण बिघडलं असेल."

"माफी तू कशाला मागतोस रे?" मृणाल ओरडली, आणि तिला रडू फुटलं.