सहा फुटी टाकीचा उजेड

मार्नीने बोली लावली, की मागच्या रांगेतून तोच आवाज वर चढायचा.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या मत्स्यालय क्लबचा मासिक लिलाव होता. बाहेर गार पाऊस भुरभुरत होता आणि टेबलावर मार्नीला हवा असलेला प्रखर दिवा होता. तिने मागे वळून डोळे वटारले. हिरव्या स्वेटरमधला तो तरुण नुसता हसला… आणि दिवा जिंकून मोकळा झाला!

चहाच्या टेबलाशी तिने त्याला गाठलं. "इतका हवा होता का रे तुला?"

"मला? छे! तुला मिळू नये, एवढंच. मघाशी सांगत होतीस ना, टाकीत शेवाळ माजलंय, पानं मरतायत म्हणून अजून एक दिवा लावते? ऐकून माझ्या घशात सॉसेज अडकलं."

"चोरून ऐकायचं आणि वर शहाणपणा!"

"शहाणपणा कसला… जास्त उजेडानं शेवाळच फोफावतं; माझी टाकी मी अशीच घालवली. मी फर्गस."

मार्नीचा राग टिकेना. तिने सगळं सांगून टाकलं. तिला आजोबांनीच लहानाचं मोठं केलं होतं. खुबा मोडून ते इस्पितळात गेले, तेव्हा त्यांची पाणवनस्पतींनी भरलेली सहा फुटी काचेची टाकी तिच्याकडे आली. थोडं उतराई व्हावं म्हणून तिने जुना मंद दिवा काढून झगझगीत नवा बसवला, दिवसभर चालू ठेवला. अति तेथे माती! आता आजोबांनी जिवापाड जपलेली पानं शेवाळाखाली गुदमरत होती, आणि महिनाअखेरीस ते घरी येणार होते.

"खोल आहे टाकी?"

"तळाला हात लावायचा तर खांदा भिजतो."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं… गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. "मग तुझा नवा दिवा जोरदार आहे ते बरंच, नाहीतर उजेड तळाशी पोचत नाही. पण काचेवर टेकवू नकोस. हातभर उंच टांग, सुरुवातीला निम्मा मंद कर, आणि दुपारी लावून संध्याकाळी बंद."

दुसऱ्या दिवशी तो तारा आणि पक्कड घेऊन हजर! आधी टाकीवर जाड गोधडी पडली. शेवाळ मरायला काही दिवस पूर्ण अंधार हवा होता.

"डोकावायचं नाही हं."

"आणि डोकावले तर?"

"म्हणून तर रोज पहाऱ्याला येणार."

आला की रोज! गोधडी निघाल्यावर दोघं बाह्या सरसावून काच घासायला लागले. गार पाण्यात बोटांना बोटं लागली… कुणीच हात मागे घेतला नाही.

आजोबा आले, वॉकर टेकत टाकीपुढे थांबले. फर्गस जरा मागेच उभा राहिला.

"तळाच्या झाडानं लाल पान धरलंय गं," त्यांचा आवाज ओला झाला. "माझ्या मंद दिव्याखाली कधी धरलं नाही."

"मी तर झाडं मारायलाच निघाले होते, आजोबा. यानं वाचवली."

"मग चहा तरी विचारलास का त्याला?" म्हणत ते स्वतःच स्वयंपाकघराकडे वळले.

मार्नीचे डोळे भरून आले. "तुझे आभार कसे मानू रे?"

"आभार नकोत. दर रविवारी पानं छाटायला येऊ दे."

"वेड्या, ही छाटणी कधी संपत नाही. जन्मभर पुरते."

"ठाऊक आहे…" तो म्हणाला. कान लालेलाल झाले होते.

मार्नीने त्याचा हात घट्ट धरला. "मग ये ना… जन्मभर."