दोराचं दुसरं टोक

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पैज लावतो. माझ्या बायकोनं मरेपर्यंत ठेवला नाही. तरी सांगतो. साक्षीला हा मिटेक बसलाय समोर, माझ्या बहिणीचा नवरा, माझीच कॉफी ढोसत.

आम्ही दोघं अस्वलाच्या शिकारीहून परतत होतो. निघताना बहीण एवढंच म्हणाली होती, "दादा, यांना घेऊन ये. अस्वल नाही मिळालं तरी चालेल."

हिमनदीवर वादळानं गाठलं. आभाळ कुठं संपतं नि बर्फ कुठं सुरू होतो, कळेना. गाडी ओढणारी कुत्री शेपटीत नाकं खुपसून बसली ती उठेचनात. शिकाऱ्यांची झोपडी जवळच होती, म्हणून चालत निघालो. मी पुढं, मिटेक मागं, दोघांच्या कमरेला सीलच्या कातड्याचा एकच दोर. अशा वाऱ्यात बोलून उपयोग नसतो. मागच्यानं दोराला हिसका द्यायचा, पुढच्यानं उलटा द्यायचा. मी आहे, तू आहेस, एवढंच. उत्तर आलं नाही, तर माणूस गेला असं धरायचं.

वाटभर हिसके येत होते. मीही देत होतो. शेवटी हात दाराला लागला. ढकललं.

आत मिटेक बसला होता. स्टोव्ह पेटलेला. मिशांवरचा बर्फसुद्धा वितळून गेलेला.

"काय साल्या, किती उशीर! माझी गाठ कधीच सुटली. इतक्या हाका मारल्या, तुला ऐकू येतंय कुठं?"

मी कमरेकडे पाहिलं. दोर दाराबाहेर गेला होता. ताठ.

हिसका आला.

सवयीनं मीही दिला.

"देऊ नकोस," मिटेक कुजबुजला.

मग काय! सुरी उपसली अन् एका घावात दोर कापला. बाहेर जे होतं ते बाहेरच राहिलं. बहिणीचा नवरा बहिणीला सुखरूप आणून दिला.

"खोटं!"

दारात इव्हालू उभी होती, मिटेकची लेक. कुत्र्यांना मांस घालून आली होती.

"कापला म्हणे! मग घरामागच्या खुंट्याला कातड्याचा दोर कसला बांधलाय, मामा? कुत्र्यांचा म्हणता, पण त्याला एकही कुत्रं नाही. आत्ता अडखळून पडले मी त्यावर."

सगळे हसले. मिटेकनं कप खाली ठेवला.

"बर्फात पडलेला दोर तो," मी म्हणालो. "दिसला नसेल तुला."

"पडलेला नव्हता, ताठ होता." तिनं हातमोजे काढले. "हात लावला तर कुणीतरी हिसका दिला. मग मीही दिला."