नाडीदलाल

पुण्यात पाषाणच्या भाड्याच्या प्रयोगशाळेत सकाळी नऊला सुधन्वा टिळवेने आपला 'नाडीदलाल' सुरू केला. मनगटावरच्या पट्ट्यातून मालकाची नाडी वाचायची आणि त्याच्या वतीने शेअरबाजारात व्यवहार करायचे, असं हे यंत्र. ते पाहायला रोहिणी खांबेटे आली होती; एकेकाळची सहकारी, आता स्वतःच्या कंपनीची मालकीण. मंदीत तंत्रज्ञानाच्या कंपन्या धडाधड कोसळत होत्या, हिचीच तेवढी ठाम उभी होती. सुधन्वाच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं आजचं नव्हतं.

"तुझीच कशी टिकली गं?" त्याने ओठांपुरतं हसत विचारलं.

"नुसती स्वप्नं विकणारे आधी पडतात. आमची यंत्रं इस्पितळांना रोज लागतात, शिवाय गाठीशी रोकड आहे. भाव तीनशेखाली गेला तर आपलेच शेअर उचलायचे, असं कंपनीने जाहीरच केलंय. बरं, दलालाला उद्दिष्ट काय दिलंस? नफा?"

"काहीच नाही. माणूस तोंडाने नफा म्हणतो आणि करतो भलतंच. हा दोन वर्षं माझी नाडी वाचतोय. मला ज्याने समाधान, तेच हा करणार."

दलालाच्या हाती सुधन्वाची सगळी पुंजी होती: रोहिणीच्या कंपनीचा दहावा हिस्सा, सुरुवातीला तिनेच दिलेला. महिनाअखेर तो विकून स्वतःची प्रयोगशाळा काढायचं ठरलं होतं.

बाजार उघडला. दलालाने सगळा हिस्सा एकदम विकायला काढला. मंदीत घेणार कोण? सहाशेचा भाव बघता बघता तीनशेखाली आला.

"अरे, थांबव! तुझ्या नव्या प्रयोगशाळेचे पैसे बुडतील!" रोहिणी ओरडली.

सुधन्वाचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. दोन वर्षं तो चहाच्याही आधी तिचा भाव बघत आला होता. भाव पडला की त्याची नाडी शांत व्हायची. यंत्र अगदी बरोबर शिकलं होतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, तोही यंत्राकडून! पडद्यावर अक्षरं आली: 'मालक समाधानी.' त्याला लाज वाटली, पण समाधान खरं होतं.

"सगळे गेले," तो म्हणाला. "कुणी घेतले?"

"आम्हीच. तीनशेखाली आला ना भाव." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नकोस. माझ्याकडे ये, तुला जागा देते."

भाव पुन्हा चढू लागला. सुधन्वाची नाडी भडकली. दलालाने क्षणभर शोधाशोध केली आणि कळवलं: 'मालक असमाधानी. विकायला काही उरलेलं नाही.'