तिसऱ्या कांडीची खात्री

एका पेटीत सहा वीजकांड्या (गाडीला वीज पुरवणाऱ्या नळ्या) आहेत. चार चांगल्या, दोन निकामी. दिसायला सगळ्या सारख्या. न बघता तीन उचलल्या, तर तिन्ही निकामी निघण्याची संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता, आकड्यात) किती?

शाळेत हे कोडं शाल्मलीने हसतहसत सोडवलं असतं. पण आत्ता ती चंद्रावर, भर उन्हात बंद पडलेल्या गाडीत, तीच पेटी मांडीवर घेऊन, नलूआत्याशेजारी बसली होती. मागच्या शीतपेटीत आत्याने खोल विवरातून काढलेला बर्फ होता. अख्ख्या वसाहतीचं त्या बर्फाकडे लक्ष लागलं होतं. गाडी सुरू व्हायला एक चांगली कांडी पुरे होती, पण राखीव विजेवर तीनच कांड्या तपासून होणार होत्या. आणि चालत परतायचं तर आत्ताच निघायला हवं होतं, नाहीतर पोशाखातली हवा पुरली नसती.

"निकामी कांडी येण्याची संभाव्यता २/६, म्हणजे १/३," चकोर यंत्रमानव म्हणाला. "तीनदा गुणली की १/२७. जिवाला एवढाही धोका चालत नाही. गाडी सोडा."

आत्याने शीतपेटीकडे एकदा पाहिलं आणि शिरस्त्राण उचललं.

"थांब आत्या," शाल्मली म्हणाली. "चकोर, निकामी निघालेली कांडी तू परत पेटीत टाकणार आहेस?"

"नाही. बाजूला ठेवणार."

"मग पेटी सहाची राहिलीच कुठे? नाणं दोनदा उडवलं, तर पहिल्या वेळी काय पडलं याचा दुसऱ्या वेळेशी संबंध नसतो. त्या स्वतंत्र घटना. तिथे तुझा गुणाकार बरोबर आहे. पण इथे एक कांडी काढली की उरलेल्यांचा हिशेबच बदलतो. या परावलंबी घटना (पहिलीवर दुसरी अवलंबून असते अशा). पहिली निकामी येण्याची संभाव्यता २/६. ती बाहेर गेली की उरल्या पाच, त्यांत निकामी एकच, म्हणून १/५. तीही गेली की उरल्या चार, आणि त्यांत निकामी..."

"शून्य," आत्या हळूच म्हणाली.

"म्हणजे गुणाकारही शून्य. तिसरी चालणारच."

"हिशेब मान्य," चकोर म्हणाला. आत्याने शिरस्त्राण खाली ठेवलं.

पहिली कांडी बसवली. बराच वेळ वाट पाहिली, पण कांडी थंडगारच. दुसरीही तशीच. दिवे मंदावले. गणित पक्कं होतं, तरी शाल्मलीने पेटीतल्या उरलेल्या चार कांड्या पुन्हा मोजल्या. आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिसरी कांडी तिच्याच हातात दिली.

"तूच बसव."

कांडी खोबणीत खटकन बसली. दोघी श्वास रोखून बसल्या. मग तळातून घरघर उठली, दिवे लख्ख झाले आणि शीतपेटीचा पंखा पुन्हा फिरू लागला.

आत्याने शाल्मलीला घट्ट कवटाळलं. गाडी धूळ उडवत चढ चढली. माथ्यावर पोहोचताच समोर वसाहतीचे चमकते घुमट दिसले, आणि त्यांच्या वर, काळ्याभोर आकाशात, निळी पृथ्वी.