त्रिमत मंडळ

बोधसेतूची टोपी डोक्यावरून उतरवली की डॉ. फिलोमिना डाबरे पाचएक मिनिटं डोळे मिटून तशाच बसून राहत. आठवड्यातून तीन दुपारी, सलग सहा वर्षं हे चाललं होतं. सुरुवातीला टोपी काढल्यावर डोक्यात काहीतरी नवं शिरल्याची हुरहुर असायची. आता नुसता शीण यायचा, लांबच्या एसटी प्रवासानंतर येतो तसा. फक्त कुठे पोहोचल्यासारखं वाटायचं नाही.

नाशिकच्या एका कर्करोग रुग्णालयात त्या विकृतिशास्त्रज्ञ होत्या. गाठीचा तुकडा काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो कर्करोग आहे की नाही, हे सांगायचं त्यांचं काम. त्यांच्या शेजारी टोपी काढत होते ते डॉ. रेवणसिद्ध बिराजदार, शरीराची छेदचित्रं, म्हणजे सीटी आणि एमआरआय, वाचणारे. पलीकडे शल्यविशारद डॉ. चारुशीला नाईकवाडे. तिघांचं मिळून त्रिमत मंडळ; बैठकीत बोधसेतू त्यांची मनं जोडायचा, म्हणजे एकाचं शास्त्र दुसऱ्याला आतून कळायचं. नियम सोपा होता. तीन वेगळ्या शास्त्रांतल्या तिघांचं मत एक आलं की उपचार सुरू करायचे, चौथ्या कोणाला विचारायचं नाही.

त्या दिवशी चार रुग्णांचे निर्णय झाले. चौथी होती रेश्मा तडवी, वय सव्वीस, जळगावकडची खो-खोपटू. उजव्या मांडीत गाठ. हाडाच्या जातीचा कर्करोग, पाय खुब्यापासून काढायचा. तिघांचं एकमत व्हायला सात मिनिटं लागली.

डाबरेबाई प्रयोगशाळेत परतल्या तेव्हा रेश्मा कुबड्यांवर दारात उभी होती. विकृतिशास्त्रज्ञांकडे सहसा रुग्ण येत नाहीत.

"माझी गाठ तुम्हीच बघितली ना?" तिने विचारलं.

"हो. म्हणजे मंडळाने बघितली."

"सगळे तेच सांगतात. मंडळ म्हणतं, मंडळाने ठरवलं. मॅडम, मंगळवारी माझा पाय जाणार आहे. मला कोणातरी एका माणसाने समोर बसून सांगावं, बास."

डाबरेबाईंनी तिला बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. सांगताना त्यांच्या तोंडी छेदचित्रातले शब्द आले, शस्त्रक्रियेतले आले, पेशींचेही आले, आणि यातलं आपलं कुठलं हे त्यांना कळेना. रेश्माने ऐकून घेतलं, मान हलवली आणि ती कुबड्या टेकत निघून गेली.

ती जाते न जाते तोच इक्बाल मुजावर आले. ते संख्याशास्त्रज्ञ, बोधसेतूच्या नोंदी त्यांच्याकडे असत. वार्षिक अहवालासाठी आकडे काढताना त्यांना एक गोष्ट सापडली होती आणि ती कोणाला सांगावी, याच्या विचारात त्यांनी दोन दिवस घालवले होते.

"बाई, गेल्या चौदा महिन्यांत चारशे बारा रुग्ण झाले. तुमच्या तिघांत मतभेद किती वेळा झाला, सांगा."

"नसेल झाला. सेतू त्यासाठीच तर आहे."

"एकदाही नाही. मला आधी कौतुक वाटलं. मग भीती वाटली." मुजावर खुर्ची ओढून बसले. "सेतू करतो काय? 'धोक्याची गाठ' म्हटलं की तुमच्या मेंदूत एक नकाशा उमटतो, बिराजदारांच्या मेंदूत दुसरा. सेतू ते दोन्ही एकमेकांवर ठेवतो आणि दोघांच्याही मनात मधली रेघ काढतो. म्हणून त्यांचं बोलणं तुम्हाला आपल्या घरातल्यासारखं कळतं. एका बैठकीत रेघ केसभर सरकते आणि दोन दिवसांत जवळजवळ जागेवर जाते. जवळजवळ, बरं का. पूर्ण नाही. आणि तुमच्या आठशेच्या वर बैठका झाल्यात."

"म्हणजे?"

"तीन घड्याळं एकच वेळ दाखवत असली तर ती वेळ बरोबर असणार, असं आपण धरतो. पण तिन्ही एकमेकांकडे बघून लावलेली असली तर? मी हिशेब मांडला. तुमच्या तीन मतांचं वजन भरतं एक पूर्णांक चार शतांश मतांइतकं. मंडळावर तीन माणसं आहेत, मत एकच आहे."

डाबरेबाईंना जुने दिवस आठवले. बिराजदारांशी त्यांची अशी जुंपायची की बाहेरच्या परिचारिका दार लावून घ्यायच्या. "तुमच्या त्या काचेपलीकडे माणूस असतो, डाबरेबाई!" असं ते ओरडायचे आणि त्या फाइल आपटून निघून यायच्या. त्या भांडणांनी जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून तर सेतूची योजना आली तेव्हा पहिली सही त्यांनीच केली होती.

"रेश्मा तडवीची काच दुसऱ्या कोणाला तरी दाखवू," त्या म्हणाल्या. "नागपूरच्या मंडळाला?"

"नागपूरचे शल्यविशारद दर महिन्याला नाईकवाडेबाईंबरोबर सेतूवर बसतात. पुण्याचे नागपूरकरांबरोबर. रेघ सगळीकडे पसरलीय." मुजावरांनी एक कागद पुढे केला. "कधीच टोपी न घातलेले असे दोघंच मला सापडले. दोघंही निवृत्त."

सोमवारी सकाळी ते दोघं आले. डॉ. शरयू घैसास अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, विकृतिशास्त्रज्ञ. डॉ. लक्ष्मण उईके चौऱ्याहत्तरचे, चंद्रपूरहून रात्रभर प्रवास करून आलेले, छेदचित्रं वाचणारे. मंडळाचे तिघंही भिंतीशी बसले. बोलायचं नाही, असं मुजावरांनी बजावलं होतं.

घैसासबाईंनी काच पाहिली आणि दोन मिनिटांत डोकं वर केलं. "कर्करोग. यात विचारण्यासारखं काय आहे? एका पेशीसारखी दुसरी नाही."

डाबरेबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. आपण चुकलो नव्हतो.

"अजिबात नाही," उईके पडद्यावरून नजर न हटवता म्हणाले. "या गाठीच्या कडेला पक्कं हाड तयार झालंय आणि मध्ये कच्चं आहे. कर्करोगात नेमकं उलट असतं. कड बेफाम वाढते."

"मी पेशी बघतेय, डॉक्टर. तुम्ही सावल्या बघताय."

"सावल्या पूर्ण गाठीच्या आहेत, बाई. तुमचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. तो मधूनच घेतलाय की काय?"

"मधून घेतला म्हणून पेशी अशा पिसाटतील होय?"

"मार लागल्यावर पिसाटतात की नाही?"

"लागल्यावर! लागला होता का?"

"मला काय विचारता? त्या मुलीला विचारा!"

दोघंही तांबडेलाल झाले होते. मुजावरांनी फाइल उघडली. 'पूर्वी मार' या रकान्यापुढे 'नोंद नाही' असं लिहिलेलं होतं. कोणी विचारलंच नव्हतं. रेश्माला बोलावून घेतलं.

"मार?" ती म्हणाली. "खो-खोत रोजच लागतो, त्याचं काय सांगायचं? हां, एकदा खांब पकडून वळताना मांडी जोरात आपटली होती. सहा-सात आठवडे झाले. चार दिवस लंगडत होते."

घैसासबाईंनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. या वेळी बराच वेळ. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माराने स्नायूत हाड धरतं. दिसायला हुबेहूब कर्करोग, आणि काही न करता बरं होतं. तीस वर्षांत मी तीनदा पाहिलंय. आज चौथ्यांदा पाहिलं आणि फसत होते."

कडेचा नवा तुकडा काढून तपासला तेव्हा उईकेंचं म्हणणं खरं ठरलं. मंगळवारची शस्त्रक्रिया रद्द झाली. रेश्माची आई कोणाच्या पाया पडावं ते न कळून सगळ्यांच्याच पाया पडली.

डाबरेबाईंना एकाच गोष्टीने छळलं. यातलं काहीही त्यांना नवं नव्हतं. कडेचं पक्कं हाड त्यांना माहीत होतं, बिराजदारांनाही माहीत होतं, मार लागल्यावर पेशी कशा दिसतात हेही तिघांना माहीत होतं. फक्त प्रत्येकाला सगळंच थोडं थोडं माहीत होतं. एखाद्या गोष्टीसाठी आवाज चढवावा, इतकं कोणाकडेच काही उरलं नव्हतं.

रुग्णालयाच्या अधीक्षकांनी बोधसेतू बंद केला. चारशे बारा फाइली पुन्हा तपासायला काढल्या आणि घैसासबाई-उईके रोज चार-पाच फाइलींवर भांडू लागले. तीन महिन्यांनी मुजावरांनी मंडळाची परीक्षा घेतली. तिघांच्या मतांचं वजन भरलं जेमतेम एक पूर्णांक सहा शतांश.

"दुसरं काही निघालं का?" डाबरेबाईंनी विचारलं. सेतूच्या आधी त्यांनीच निकाल दिलेल्या साठ काचा, नाव झाकून, त्यांनी पुन्हा तपासल्या होत्या.

"नऊ ठिकाणी तुमचं तुमच्याशीच जुळलं नाही. पाच वेळा जुन्या डाबरेबाई बरोबर होत्या, चार वेळा आताच्या." मुजावरांनी खांदे उडवले. "तुम्ही बिघडलेल्या नाही, बाई. एकटं कुठेही बसवा, उत्तम काम कराल. फक्त तुम्ही तिघांनी एका टेबलाशी बसण्यात अर्थ राहिला नाही."

अधीक्षकांनीही तेच सांगितलं. तिघांना एकमेकांपासून वेगळं करावं लागणार होतं. टोपी न घातलेले नवे डॉक्टर एका वेळी एकच मिळत होते, म्हणून आता एकाने जायचं, दुसऱ्याने पुढच्या वर्षी. सिरोंच्याच्या दवाखान्यात जागा होती, तिथे मंडळ नव्हतं. पहिल्यांदा कोणी जायचं, हे तिघांनी वेगवेगळं ठरवून आठवडाभरात एका ओळीत लिहून द्यावं. खाली नाव घालू नये, म्हणजे कोणाला संकोच नको.

डाबरेबाईंनी चार दिवस घेतले. सकाळी त्या गोदावरीच्या काठाने चालायला जात आणि विचार करत. बिराजदारांची मुलगी दहावीला होती. नाईकवाडेबाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते. आपली आई वसईला वारली त्याला दोन वर्षं झाली, घरी वाट बघणारं कोणी नाही. त्यांनी मनाशी ठरवलं आणि ठरवल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा एक निर्णय त्यांनी एकटीने घेतला होता. दुखरा असला तरी तो त्यांचा स्वतःचा होता. घरी येऊन त्यांनी ओळ टंकित केली आणि पाठवून दिली.

शुक्रवारी अधीक्षकांनी तिघांना बोलावलं. टेबलावर तीन छापील चिठ्ठ्या होत्या. अधीक्षकांचा चेहरा विचित्र झाला होता.

"तुम्ही आपसात बोलला नाहीत ना?"

"नाही," तिघं एकदमच म्हणाले.

त्यांनी चिठ्ठ्या फिरवून पुढे सरकवल्या. तिन्हींवर एकच ओळ होती.

'डाबरे. त्यांना कुठंही जमेल.'

नाईकवाडेबाईंनी तोंडावर हात ठेवला. बिराजदार मान खाली घालून बसले. डाबरेबाईंनी ओळ पुन्हा वाचली, मग तिसऱ्यांदा. मला नव्हे, त्यांना. तिन्ही चिठ्ठ्यांवर त्यांना.

"यातली तुमची कोणती, डाबरेबाई?" अधीक्षकांनी हळूच विचारलं.

त्यांनी तिन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन बराच वेळ पाहिल्या.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या आणि रुजू कधी व्हायचं, ते विचारलं.