विहिरीपाशी थांबलेली गोष्ट

लस टोचून घेतलेली तान्ही ईशा रस्ताभर रडली आणि ग्रंथालयाच्या पायरीपाशी अचानक झोपली. आता हलायचं कसं? मनस्वी लेकीला घेऊन तशीच आत जाऊन पंख्याखाली बसली. समोर कुणीतरी एक जुनी, जाडजूड कादंबरी ठेवून गेलं होतं. पोरीला खांद्यावर सावरत तिने सहज पान उलटलं... आणि ईशा जागी झाली तेव्हा मनस्वीला उठवेना.

कॉलेज सुटल्यापासून तिने पुस्तक हातात धरलं नव्हतं. आता तर दुपटी, लंगोट, मालिश यांतून श्वास घ्यायला सवड नव्हती. तरी कादंबरी घरी आली. ईशा दूध पिऊ लागली की मनस्वी उशीला पुस्तक टेकवायची.

"गो मनस्वी, भात करपला गो!" सासूबाई, यमुनाबाई, आतून ओरडायच्या.

तिचा नवरा अजिंक्य मालवाहू जहाजावर होता. ठरवून झालेलं लग्न, जेमतेम महिनाभर सहवास, मग समुद्र. बारशाला आला आणि पुन्हा गेला. फोनवर तेच ते—"दूध प्यायली?" "हो." "झोपली?" "हो." पुढे दोघंही गप्प.

एका संध्याकाळी त्याने विचारलं, "बाकी काय?"

ती बोलून गेली, "दोघांचं विहिरीवरून भांडण झालं."

"कुणाचं? शेजाऱ्यांचं?"

मनस्वीला हसू फुटलं. "कादंबरीतल्यांचं! तिचं घर विहिरीच्या अलीकडे, त्याचं पलीकडे. पाणी कुणाचं, यावर कधीचे भांडतायत."

"आणि मनातून?"

"मनातून... तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, त्याला तहान पाण्याची नसावी."

ती लाजली. बरं झालं, तेवढ्यात ईशा रडली.

मग रोजचंच झालं. ती पानं वाचून दाखवायची, तो ऐकायचा.

"दिसायला कसा आहे गं तो?"

"उंच. रुबाबदार. तुमच्यासारखा नाही."

"अस्सं? मग मी कसला आहे?"

"तुम्ही... नीट बघितलंय कुठे अजून!"

दोघंही हसली. पण फोन ठेवल्यावर त्याचे हात कसे आहेत, हेसुद्धा तिला नीट आठवेना.

एके दिवशी ती वाचता वाचता थबकली. कादंबरीत विहिरीच्या काठावर कळशी उचलून देताना त्याची बोटं तिच्या ओल्या हातावर टेकली होती... आणि त्याने ती मागे घेतली नव्हती.

"पुढे?" अजिंक्यने हळूच विचारलं.

"पुढे नाही. पुढचं तुम्ही आल्यावर."

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. जहाज मोठा समुद्र ओलांडत होतं. तिथे रेंज नसते, हे तिला ठाऊक होतं. मनाला नव्हतं. आरे-वारेच्या किनाऱ्याकडून येणारा खारा वारा अंगणातली दुपटी उडवायचा आणि मनस्वी ती गोळा करायची सोडून क्षितिजाकडे बघत राहायची. कादंबरी उघडायची, मिटायची. पुढचं पान एकटीने वाचवत नव्हतं.

शेवटी एका दुपारी फोन वाजला.

"कुठे होतात?" ती जवळजवळ ओरडलीच.

"समुद्रात—"

"ते मला माहीत आहे!"

तिचा आवाज फुटला. तो घाबरला. "मनस्वी? ईशा बरी आहे ना?"

"ईशा बरी आहे..." तिने डोळे पुसले. "मी नाही."

इंजिनाच्या घरघरीतून तो म्हणाला, "तुला एक सांगू? ती विहिरीवरची मला एवढीशीसुद्धा आवडली नाही."

"का?"

"मी तिचं ऐकतच नव्हतो. वाचणारीला ऐकत होतो. इतके दिवस जहाजावर तोच आवाज शोधत फिरलो."

मनस्वीने फोन कानाशी घट्ट धरला. मांडीवर ईशा जागी होऊन तिच्या ओढणीचं टोक चघळत होती.

"कधी येतोस?" तिने विचारलं.

ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती. ते दोघांच्याही लक्षात आलं.

"अजून चार महिने," तो म्हणाला. "येतो मी... तुझ्यासाठी येतो."